नेरळच्या गाडीत बसून डोकं शांत होतं का?

७:४२ची_बाई
मंडळी, सल्ला हवाय. गेली २८ वर्षं डोंबिवली-भायखळा करतेय. हल्ली रविवारीही पहाटे पाचला टक्क जाग येते आणि कानात 'पुढील स्टेशन' सुरू. डॉक्टर म्हणतात, बीपी ठीक आहे, कुठेतरी जाऊन या. बाबा परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. १९७९ साली त्यांनी आम्हाला कोळशाच्या गाडीने माथेरानला नेलं. डोळ्यात कोळशाची कच गेली म्हणून मी वॉटर पाइप स्टेशनपर्यंत भोकाड पसरलं होतं. तसं इंजिन अजून चालतं का? आणि एकटीच गेले तर विचित्र दिसेल का?

सह्याद्रीतला_भटक्या
ताई, नेरळला वाफ विसरा. ऐंशीच्या दशकातच ती इंजिनं थांबली, आता डिझेल ओढतं. खरी वाफ हवी तर दार्जिलिंग-घूम किंवा मेट्टुपालयम-कुन्नूर. पावसाळ्यात तर नेरळहून वर गाडी बंदच, फक्त वरच्या अमन लॉज-माथेरान टप्प्यात शटल. एकटं जायला कसला संकोच?

परळवाले_आप्पा
तुमचे बाबा कारखान्यातले म्हणून सांगतो. ती इंजिनं जर्मन, ऑरेन्स्टाइन-कोपेलची. रूळ जेमतेम दोन फुटी आणि वळणं अशी की साधं इंजिन अडकायचं. म्हणून त्यांची पुढची नि मागची चाकजोडी वळणावर जराशी वळायची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली हा मार्ग सुरू केला. चढ काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट! असल्या चढावर गाडीला घाई जमतच नाही, तेच तुमचं औषध. रांगेत मात्र लवकर उभ्या राहा.

खोपोलीलोकल
शांतता?? डब्यात बारा पोरं आणि एक ब्लूटूथ स्पीकर होता. माझं डोकं वर पोचल्यावर जास्तच दुखलं.

७:४२ची_बाई
जाऊन आले हो! सगळ्यांचे आभार. खोपोलीलोकल, स्पीकर आमच्याही डब्यात होता, पण जुम्मापट्टीच्या पुढे त्याची बॅटरी संपली, देव आहे.

आप्पा, बाबा आता नाहीत. पण तुमचं वाचून गेले, म्हणून खिडकीतून इंजिनाकडेच बघत बसले. मला सगळ्यात आवडला तो डब्याच्या टोकाला उभा असलेला ब्रेकवाला. इंजिनाची शिट्टी झाली की तो हाताने चाक फिरवून ब्रेक आवळतो, दुसरी झाली की सोडतो. दोन-अडीच तास तेवढंच काम. हाताला घट्टे, खिशात फडकं. एका वळणावर त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "काकू, डोकं आत घ्या, बोगदा आला." मी आत घेतलं. फोन पर्समध्येच होता, हे माथेरानला उतरल्यावर लक्षात आलं.

परतताना टॅक्सीने उतरले, गुडघे दुखत होते. काल पाचला जाग आली, पण कूस बदलून साडेसहापर्यंत झोपले.

जानेवारीत आईला नेणार आहे, तिला दरी दिसायला हवी. आप्पा, वर जाताना खिडकी कुठल्या बाजूची धरू?