पाऊण तास आणि उरलेला दिवस

पक्षाघातानंतर थेरपिस्ट घरी येऊनही वडिलांच्या हातात फरक नाही, थेरपिस्ट बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. बदलण्याआधी एवढं बघा, थेरपिस्ट पाऊण तास येऊन गेल्यावर उरलेला दिवस तो हात काय करतो?

पक्षाघातानंतर माझ्या आईचं सगळं आम्ही मायेपोटी करून टाकायचो. तिचा उजवा हात नुसता मांडीवर पडून. न वापरलेला हात मेंदूही हळूहळू विसरतो, हे थेरपिस्टनी समजावलं तेव्हा डोळे उघडले. मग टॉवेल सुरू केला. टेबलावर पसरायचा, कोपरा धरून घडी घालायची, दिवसातून पाच-सहा वेळा. सुरुवातीला बोटं कापडावरून नुसती घसरायची. चौथ्या आठवड्यात कोपरा चिमटीत आला आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ते आजही आठवतं.

चांगल्या हाताला मोजा घालून अधू हाताला कामाला लावायची पद्धतही आहे, एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. पण मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उचलली जात असतील तरच. ते थेरपिस्टनाच ठरवू द्या.

आणि कळकळीने सांगते, उठवताना तो हात धरून ओढू नका, काखेत हात घालूनही नको. स्नायू सैल पडलेले असतात, खांदा निखळतो. मग दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. कसं उठवायचं ते थेरपिस्टसमोर स्वतः करून बघा. वडील बसलेले असताना त्या हाताखाली उशी ठेवा, लोंबकळू देऊ नका.