संगणकाच्या फटकाऱ्याला ‘हाताने रंगवलेले’ म्हणावे का?

ओला कागद :
मी पुण्यात जलरंग शिकवतो. गेल्या वर्षी एका ॲनिमेशन स्टुडिओने माझ्याकडून कुंचल्याचे चाळीस फटकारे करून घेतले. त्यांत सपाट आणि गोल कुंचल्याचे, ओले आणि कोरडे असे सगळे प्रकार होते आणि काही फटकारे खडबडीत हातकागदावर होते. ते स्कॅन करून संगणकावर घेतले गेले. मानधन ठरल्याप्रमाणे मिळाले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तयार झालेली छोटी फिल्म मी परवा पाहिली. पावसाळ्यातल्या नदीकाठाच्या दृश्यात एक फटकारा मला लगेच ओळखू आला. कुंचल्यातले पाणी संपत आले असताना मी तो उजवीकडे ओढत नेला होता, त्यामुळे शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागला होता आणि मधले खळगे पांढरे राहिले होते. तोच तुटका शेवट झाडाच्या सालीवर होता, घाटाच्या पायरीवर होता आणि पायरीवर बसलेल्या बाईच्या पदरावरही होता. फिल्मच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) मी तो अकरा वेळा मोजला. अखेरच्या नामावलीत मात्र ‘संपूर्णपणे हाताने रंगवलेली फिल्म’ असे लिहिले होते.

माझा आक्षेप या शब्दांना आहे. जलरंगात फटकारा हा निर्णय असतो. कागद अजून किती ओला आहे, कुंचल्यात पाणी किती उरले आहे, समोरची वस्तू दगड आहे की कापड, हे पाहून हात तेवढ्या क्षणापुरते काहीतरी ठरवतो आणि ते पुसता येत नाही. त्या निर्णयाची खूण उचलून दुसरीकडे अकरा वेळा चिकटवली, तर पोत मिळतो, पण निर्णय एकदाच घेतलेला असतो, आणि तोही नदीकाठ न पाहता.

चौकट चोवीस :
मी कोथरूडमध्ये ॲनिमेशनचे काम करतो. आपण वर्णन केलेला दोष खराच आहे, पण तो निष्काळजी कामाचा दोष आहे. संगणकावर फटकाऱ्यांनी रंगवल्यासारखे चित्र तयार करण्याच्या तंत्राला त्यासाठी जबाबदार धरणे मला पटत नाही. या तंत्रावर काम करणाऱ्यांनी निर्णयाचाच प्रश्न सुरुवातीपासून हाती घेतला आहे. १९९० साली पॉल हेबरली यांनी दाखवलेल्या पद्धतीत छायाचित्रातून फक्त रंग घेतला जाई आणि फटकारा कोठे व केवढा मारायचा हे माणूस माउसने ठरवू शकत असे. १९९८ साली ॲरन हर्ट्झमन यांनी संगणकाकडून आधी मोठ्या कुंचल्याने सगळे चित्र भरून घेतले आणि मूळ प्रतिमेशी जिथे फार तफावत उरली, तिथेच लहान कुंचला वापरला. त्यांचे फटकारेही वस्तूच्या कडेला धरून वळत जातात. आपण वर्गात ‘आधी मोठे आकार, मग बारकावे’ असेच शिकवत असाल.

चित्र हलू लागले की अडचण आणखी वाढते. प्रत्येक चौकटीत फटकारे नव्याने मारले, तर सगळा पडदा लुकलुकतो. ते पडद्यावर एका जागी खिळवून ठेवले, तर आकृत्या न्हाणीघराच्या नक्षीदार काचेमागून सरकत आहेत असे वाटते, म्हणूनच या दोषाला ‘शॉवर डोअर’ असे नाव पडले. १९९६ साली बार्बरा मायर यांनी त्रिमितीय वस्तूच्या पृष्ठभागावरच बिंदू पेरले आणि प्रत्येक बिंदूपाशी एकेक फटकारा बांधला. वस्तू वळली की फटकाराही तिच्याबरोबर वळतो. हे करताना कोणत्या पृष्ठभागाला कोणता कुंचला द्यायचा हे चित्रकारच ठरवतो. आपल्या फिल्ममध्ये पदराला आणि पायरीला एकच कुंचला देणारा माणूसच होता.

आणि हाताचे म्हणाल, तर २०१७ सालच्या ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या ॲनिमेशनपटासाठी शंभराहून अधिक चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी तैलरंगात रंगवल्या, पण त्यांच्यापुढे आधी चित्रित केलेली दृश्ये होती. तिथे हात खरा होता, तरीही आकृती कुठून कुठे जाईल हे कॅमेऱ्याने आधीच ठरवले होते.

जुनी छपाई :
हा वाद आपल्याकडे नवा नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ऑलिओग्राफांत, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांत, एकेका रंगासाठी छपाईचा वेगळा दगड लागे आणि छापील चित्राला तैलचित्राची चकाकी यावी म्हणून वार्निशही दिले जाई. माझ्या आजीच्या देवघरात अशी एक लक्ष्मी होती आणि ते छापील चित्र आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे तिचा मान कमी झाला नाही. म्हणून मी तंत्राच्या बाजूने चौकट चोवीस यांच्याशी आणि शब्दांच्या बाजूने ओला कागद यांच्याशी सहमत आहे.

तिसरे वर्ष :
सर, मी उपयोजित कला शिकते आणि आपले म्हणणे मला अर्धेच पटते. चांगला जलरंगाचा कागद मला रोज परवडत नाही. रंग कडेला जाऊन गडद कसा होतो, हे मी आधी सॉफ्टवेअरमध्ये पाहिले आणि मग कागदावर ओळखायला शिकले. ते अनुकरण नसते, तर मी त्या कडेकडे लक्षही दिले नसते.

ओला कागद :
तिसरे वर्ष, ती कड आपल्या नजरेत आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पाणी कडेकडून लवकर उडते, त्याची जागा घ्यायला आतले पाणी रंगकण घेऊन तिकडे वाहते आणि म्हणून तिथे गडद रेघ उमटते. १९९७ साली जलरंगाचे अनुकरण करणाऱ्या संशोधकांनी पाण्याचे वाहणे, रंगकणांचे बसणे आणि कागदाचे शोषण या तिन्ही गोष्टी संगणकावर वेगवेगळ्या मांडल्या होत्या. त्यांनी कागदाकडे फार बारकाईने पाहिले असणार आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

चौकट चोवीस, ‘लव्हिंग व्हिन्सेंट’चा आपला मुद्दा मी मान्य करतो. हात वापरला म्हणजे निर्णय आलाच, हे माझे गृहीत चुकीचे होते. पण मग ‘हाताने रंगवलेली’ हे शब्द आणखीच जपून वापरायला हवेत. पडद्यावर ते वाचणाऱ्याला वाटते की पायरी पाहून कोणीतरी पायरी रंगवली. इथे पायरी रंगवणारे आपल्यासारखे कोणी होते, त्यांनी बिंदू पेरले, कुंचले निवडले, आणि नामावलीत त्यांच्या या कामाचा उल्लेखच नाही. माझ्याइतकाच तो त्यांच्यावरही अन्याय आहे.

चौकट चोवीस :
हे मला सुचले नव्हते आणि ते खरे आहे. ‘हाती काढलेल्या फटकाऱ्यांवरून संगणकावर रंगवलेली’ असे लिहिले, तर दोन्ही कामे दिसतील. कोरड्या शेवटाबद्दल एक सांगतो. फटकारा जितका लांब जाईल तितके कुंचल्यातले पाणी कमी होत जाईल आणि प्रत्येक वेळी खळगे वेगळ्या जागी पांढरे राहतील, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी एकाच कोरडेपणाचे अनेक नमुने लागतात आणि चाळीस फटकाऱ्यांत ते बसत नाहीत.

ओला कागद :
स्टुडिओला नामावलीबद्दल पत्र लिहिले आहे आणि आपले वाक्य जसेच्या तसे सुचवले आहे. दगडासाठी आणि कापडासाठी वेगवेगळे नमुने करून देण्याचीही तयारी कळवली आहे, मात्र या वेळी ते मी घाटावर बसून, पायरी समोर ठेवून करीन.