मदत हवी आहे: जखमीचे कपडे कापताना पुरावा कसा जपावा?

मी रुग्णवाहिकेवर तातडीच्या वैद्यकीय सेवेचे काम करते. काही दिवसांपूर्वी छातीत सुरा लागलेल्या एका तरुणासाठी आम्हाला बोलावणे आले. त्याचा श्वास अडखळत होता, शर्ट रक्ताने अंगाला चिकटला होता आणि जखम उघडी करण्याच्या घाईत मी कात्री नेमकी सुऱ्याने फाटलेल्या जागेतूनच चालवली. तो वाचला. नंतर तपास अधिकाऱ्यांनी शर्ट समोर धरून, यातला सुऱ्याचा छेद कोणता आणि कात्रीचा कोणता, असे विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही.

जीव आधी, पुरावा नंतर, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कापडावरच्या छेदावरून हत्याराचा अंदाज बांधता येतो आणि गोळीच्या छिद्राभोवतीच्या काजळीवरून ती किती अंतरावरून झाडली ते ताडता येते, म्हणून छिद्र टाळून, शक्यतो शिवणीलगत कापावे, हे मी आता पक्के लक्षात ठेवले आहे. रक्ताने भिजलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तर ओल कोंडून बुरशी आणि जिवाणू वाढतात व डीएनए खराब होतो, म्हणून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा, हेही ठाऊक आहे. पण धावत्या गाडीत रक्ताने कागदी पिशवीचा तळच फाटला, तर अनुभवी मंडळी काय करतात?

दुसरी अडचण नोंदींची आहे. स्ट्रेचर आत नेण्यासाठी मी एक खुर्ची पायाने बाजूला सारली होती. ती मुळात कुठे होती हे लगेच कोणाला तरी सांगायला हवे होते, परंतु आम्ही दोघेच होतो आणि चारही हात रुग्णावर होते. अशा वेळी नोंद केव्हा आणि कशी करता?

सर्वांत जास्त बोच वेगळ्याच गोष्टीची आहे. तो तरुण दोनदा म्हणाला, "दार मीच उघडलं." माझ्या अहवालात मात्र "रुग्ण असंबद्ध बोलत होता" एवढेच आहे. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत आणि वेळेसह लिहावेत, हे मला नंतर समजले. आता मूळ अहवालाला हात न लावता, आजची तारीख घालून पुरवणी नोंद जोडणे योग्य ठरेल का, आणि ती नोंद आधी वरिष्ठांना दाखवावी की थेट तपास अधिकाऱ्यांकडे द्यावी?