‘द्विध्रुवी’ म्हणजे दोन पायांचा?

सदाशिवपेठी: तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी पॉवर ट्रान्झिस्टरवरील टिपणे मराठीत आणत आहे. ‘बायपोलर’साठी ‘द्विध्रुवी’ लिहिले, तर एका विद्यार्थ्याने समासात नोंद केली की २एन३०५५ या बायपोलर पॉवर ट्रान्झिस्टरला दोनच पाय असतात, म्हणून हे नाव पडले असावे. वास्तविक त्याचे तिसरे टोक, म्हणजे कलेक्टर, धातूच्या टोपीलाच जोडलेले असते आणि नावाचा पायांशी संबंधही नाही. इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) असे प्रभाराचे दोन्ही वाहक त्याच्या कार्यात भाग घेतात, म्हणून तो बायपोलर. ‘द्विवाहक’ चालेल काय?

अर्थवाही: चालणार नाही. ‘वाहक’ म्हणताच एकाला तांब्याची तार आठवेल आणि दुसऱ्याला पीएमपीच्या बसमधील तिकीट देणारा. मात्र ‘द्विध्रुवी’ही सदोषच आहे, कारण ध्रुव म्हणजे अढळ आणि येथील दोघे तर सतत वाहते आहेत.

तापकीर गल्लीकर: दुकानात ‘द्विध्रुवी द्या’ म्हणून पाहा, तेथे ‘थर्टी फिफ्टीफाइव्ह’ म्हटल्यावरच पुडी बांधली जाते, आणि मागितल्यास अभ्रकाची चकतीही मिळते, कारण ती न घालता टोपी हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, आवळली तर कलेक्टर थेट हीटसिंकला जोडला जातो. हा १५ अँपिअर, ६० व्होल्टचा ट्रान्झिस्टर जुन्या अँप्लिफायरांत, इन्व्हर्टरांत आणि पॉवर सप्लायमध्ये सर्रास असे. ४ अँपिअरला त्याची प्रवाहवृद्धी, म्हणजे बेस या नियंत्रक टोकाच्या प्रवाहाच्या किती पट कलेक्टरचा प्रवाह, २० इतकी कमीही असू शकते, म्हणजे बेसलाच २०० मिलिअँपिअर पुरवावे लागतात आणि त्यासाठी मागे आणखी एक ट्रान्झिस्टर लावावा लागतो. शब्दांपेक्षा हे आधी शिकवावे.

सदाशिवपेठी: शिकवण्यासाठीच तर शब्द हवेत. पुढच्याच परिच्छेदात ‘सॅच्युरेशन’ आहे. तेथे ‘संपृक्त’ लिहिले आहे.

अर्थवाही: संपृक्त पाकाचे असते, ट्रान्झिस्टरचे नव्हे. ‘तृप्त’ म्हणावे.

तापकीर गल्लीकर: तृप्त झालेला स्वस्थ बसतो! बेसला गरजेहून अधिक प्रवाह दिला की आत प्रभार साठतो आणि तो निघून जाईपर्यंत ट्रान्झिस्टर बंद होत नाही. याच विलंबामुळे जलद स्विचिंगच्या बहुतेक कामांतून त्याला मॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरने हटवले.

एक वाचक: मग ‘संपृक्त’ मॉस्फेटलाही लावणार काय? बायपोलरमध्ये त्या शब्दाचा अर्थ पूर्ण चालू झालेली स्थिती असा होतो, तर मॉस्फेटमध्ये व्होल्टेज वाढवूनही प्रवाह जवळजवळ स्थिर राहणारी, म्हणजे अँप्लिफायरच्या कामाची स्थिती.

अर्थवाही: तेथे ‘स्थिरप्रवाही’ म्हणावे.

तापकीर गल्लीकर: आणि परीक्षेत ‘सॅच्युरेशन’ विचारले तर?