मदत हवी आहे: आईला सांभाळायला बाई ठेवायची आहे, सरकारी योजनेतून पैसे मिळतात का?

कोयनाकाठ
दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. नाकात नळी, युरिन बॅग, आणि तसंच घरी सोडलं. नर्सिंग ब्युरोची २४ तासांची बाई महिन्याला २४ हजार मागतेय, फिजिओ वेगळा. हे कुठल्या योजनेत बसतं? 'धीर धरा' छाप प्रतिसाद नकोत, लवकर सांगा.

माजी_लिपिक
वय? जिल्हा? रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? पेन्शन? यातलं काहीच लिहिलं नाही, सांगणार काय कप्पाळ!

बोलघेवडा
आयुष्मान वय वंदना कार्ड काढा! ७० वर्षांपासून पुढे सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी त्यावरच झाली.

खवचट_काका
ते ॲडमिट असताना हो. डिस्चार्जनंतर फार तर १५ दिवसांचं बघतात. बाईचा पगार तुमचे सासरे देणार का?

कोयनाकाठ
वय ६८. कऱ्हाड. केशरी कार्ड. वडील एसटीत होते, त्यांच्यामागे आईला ईपीएसची पेन्शन येते, तुटपुंजी. मी पुण्यात नोकरीला.

बोलघेवडा
६८ आधी सांगायचं ना! मग महात्मा फुले योजना.

माजी_लिपिक
तीही दवाखान्यातल्या उपचारांचीच. स्पष्ट सांगतो, बाईचा पगार देणारी योजना आपल्याकडे नाही. तहसीलला संजय गांधी शाखेत श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज घेतात: वय ६५, महिना १,५००. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. नोकरदार मुलगा असताना तो दाखला मिळणं अवघड. मुख्यमंत्री वयोश्रीचे एकदाच ३,००० मिळतात, तिथे मर्यादा २ लाखांची. एअर मॅट्रेस मात्र कुठल्याही योजनेची वाट न बघता आजच घ्या. माकडहाडापाशी कातडी लाल दिसायला लागली की जखम व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ड्रेसिंगचा खर्च बाईच्या वर जातो.

वकीलसाहेब
२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचा. प्रांतांकडे अर्ज केला की मुलाकडून दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळतो.

कोयनाकाठ
साहेब, तो मुलगा मीच आहे!

हिशेबनीस
दिव्यांग प्रमाणपत्राचं कुणीच बोलत नाही. ४० टक्के किंवा जास्त निघालं की आयकराच्या ८०डीडी कलमाखाली तुम्हाला ७५ हजारांची वजावट, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. आई मुख्यतः तुमच्यावर अवलंबून हवी आणि तिच्या उपचारांवर तुमचा काही खर्च झालेला हवा. तो खर्च किती झाला याच्याशी वजावटीच्या आकड्याचा संबंध नाही.

कोयनाकाठ
मी नव्या कररचनेत आहे.

हिशेबनीस
मग ती वजावट नाही. पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना जुनी निवडता येते, दोन्हीकडचा कर काढून बघा.

स्टुटगार्टकर
इथे जर्मनीत १९९५ पासून पगारातून शुश्रूषा विमा कापतात. माणूस अंथरुणाला खिळला की श्रेणी ठरवून दरमहा पैसे. आपल्याकडे कधी येणार?

खवचट_काका
कऱ्हाड स्टँडवरून स्टुटगार्टची गाडी किती वाजता सुटते?

बोलघेवडा
काका, माहिती देणाऱ्याला टोमणे कशाला? केरळातही पंचायतीची नर्स घरी येते.

कोयनाकाठ
भांडणं दुसऱ्या धाग्यावर प्लीज. प्रमाणपत्रासाठी आईला साताऱ्याला सिव्हिलला न्यावं लागेल का? नळीसकट?

माजी_लिपिक
आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. मग कऱ्हाडच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, तपासणी तिथे होते का आणि कुठल्या वारी. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन सोबत ठेवा.