टी सेलचा 'ब्रेक काढते' म्हंजे नेमकं काय करते?

पऱ्हाटीवाला (आर्वीकडचा):
राजेहो, एक सांगा. आमच्या मोठ्या बाबाले खर्ऱ्यापायी तोंडाचा कॅन्सर झाला, नागपूरले ऑपरेशन झालं पण मानेत गाठ परत आली. आता डॉक्टर म्हणते गाठीवर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन हाय का तपासू, मंग इम्युनोथेरपी पाहू, ते इंजेक्शन टी सेलचा, म्हंजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीचा, ब्रेक काढते. शरीरानं आपल्याच शिपायाले ब्रेक कायले लावला असन?

लॅबवाली_ताई:
भाऊ, विहिरीवरचा स्टार्टर आठवा. नुसती लाइन आली म्हणून मोटर चालत नाही, हिरवं बटण दाबा लागते. टी सेलच्या रिसेप्टरनं समोर धरलेला प्रथिनाचा तुकडा ओळखला ही झाली लाइन, आन तिच्या अंगावरच्या सीडी-२८ या प्रथिनावर समोरच्या पेशीचं बी-७ हे प्रथिन येऊन बसलं हे हिरवं बटण. नुसत्या लाइनवर टी सेल उलट सुस्त पडते. चालू झाली की मंग स्वतःच अंगावर सीटीएलए-४ आन पीडी-१ काढते, हे लाल बटण. त्यातलं सीटीएलए-४ बी-७ ले सीडी-२८ पेक्षा घट्ट धरते, हिरव्या बटणापर्यंत बोटच पोचू देत नाही. ज्या उंदरांचं सीटीएलए-४ चं जीनच काढलं ते ३-४ आठवड्यांत मेले, टी सेल त्यांच्याच अवयवांत घुसल्या. म्हणून ब्रेक.
आता गाठीची लबाडी पाहा, ती आपल्या अंगावर पीडी-एल-१ काढते आन टी सेलचं पीडी-१ हे लाल बटण दाबूनच ठेवते. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन त्या बटणावर झाकण बसवते, कॅन्सरले स्वतः मारत नाही. हे ब्रेक काढून कॅन्सरवर इलाज करता येते हे शोधल्याबद्दल अ‍ॅलिसन आन होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल भेटलं.

कोरडवाहू:
आमच्याकडं एकानं रिले काढून मोटर डायरेक्ट केली, आठ दिवसांत जळली 😄 तसं नाही ना होत?

लॅबवाली_ताई:
होते ना! थायरॉइड, आतडं, फुफ्फुस, कुठंही. जुलाब लागले, दम लागला तर घरी गोळी देऊन बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरले कळवा, बहुतेकदा स्टेरॉइडनं आवरते. आन पैशाचं, नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, लय महाग. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलनं अशाच पेशंटले दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, सोबत तोंडावाटे औषधं, असं देऊन पाहिलं, तर वर्षभर जगणारे नुसत्या तोंडावाटे औषधांवरच्या १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. विचारून पाहा.

पऱ्हाटीवाला:
ताई, मोठ्या बाबाले स्टार्टरचं सांगितलं तर लगेच समजलं, म्हणते मंग मोटरजवळ रात्री कोणी बसाले लागन. मीच बसतो. गुरुवारी ओपीडी हाय, २० मिलिग्रॅमचं चिठ्ठीवर लिहून नेतो.