जनगणना जोडताना राहतं गाव वापरायचं की नाही?

मोजणीदार: परवा इथे कोणीतरी लिहिलं की दोन जनगणनांमधली माणसं जितकी जास्त जोडाल, म्हणजे एकाच माणसाच्या दोन्हींतल्या नोंदी जुळवाल, तितकं स्थलांतर नीट कळेल. साफ चूक! जोडण्या वाढवायला लोक राहतं गाव जुळणीत घेतात. मग गावातच राहिलेला लगेच सापडतो, गाव सोडलेला गळतो आणि निष्कर्ष निघतो की फारसं कोणी हललंच नाही. जुळणी न बदलणाऱ्या गोष्टींवरच करा: नाव, जन्मवर्ष, जन्मस्थान.

धागादोरा: ती पोस्ट माझी. गाव काढलंत की एकाच राज्यात जन्मलेले, एकाच वयाचे ढीगभर जॉन स्मिथ उरतात. त्यातला भलताच उचललात आणि तो दुसऱ्या राज्यात राहत असला, की तक्त्यात एक खोटा स्थलांतरित वाढला. तुमची पद्धत आकडा फुगवते, ते कोण सांगणार?

मोजणीदार: ढिगातला उचलायचाच नाही. वयाच्या दोन वर्षं मागेपुढे त्याच नावाचा, त्याच जन्मस्थानाचा दुसरा कोणी असेल तर दोघांनाही सोडा. ही अट दोन्ही जनगणनांना लावा. लोक एकीलाच लावतात आणि मग घोळ होतो.

जुनी_पानं: दोन वर्षांची सूट सगळीकडे चालत नाही हो. इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत 15 वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती. 24 चा माणूस 20 लिहिला गेला. 1851 मध्ये तो 34 चा. तुम्ही 28 ते 32 मध्ये शोधत बसणार. तिथे 30 ते 34 घ्या. काही प्रगणकांनी मात्र खरं वय लिहिलं, म्हणून 23 दिसलं तर नेहमीची सूट. आणि 1841 मध्ये जन्मगाव विचारलंच नव्हतं, याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म झाला का, नाहीतर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात, एवढंच.

माहेरची_नोंद: वयावर एवढा खल, आणि बायका कुठे आहेत? लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून सरळ वगळायच्या, वर शीर्षक ‘लोकसंख्येचं स्थलांतर’! लग्न करून दूर जाणं हे स्थलांतर नाही?

धागादोरा: ती विदेची, म्हणजे डेटाची, मर्यादा आहे.

माहेरची_नोंद: मर्यादा नाही, आळस आहे. आधी विवाहनोंदीतून माहेरचं आडनाव काढा, मग पुढची जनगणना शोधा. अमेरिकेच्या सेन्सस ट्री या जनगणना जोडणाऱ्या प्रकल्पाने फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर लोकांनी लावलेल्या वंशावळींचा आधार घेतला आणि बायकाही जोडल्या.

मोजणीदार: वंशावळ लावतात ती नातवंडं-पतवंडं. निपुत्रिक तिथे कमीच येणार.

माहेरची_नोंद: कमी आले तर भार देऊन, म्हणजे त्यांची प्रत्येक नोंद हिशेबात जास्त धरून, भरपाई करता येते. एकही बाई नसेल तर भार कशाला देणार?

जुनी_पानं: तीच गत गुलामांची. 1850 आणि 1860 च्या अमेरिकी गुलाम-याद्यांत मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. गुलामाचं नाव जवळपास कुठेच नाही. 1870 मधला मुक्त झालेला माणूस मागच्या कोणत्या नोंदीशी जोडायचा? यावर भार देण्याच्या गप्पा नकोत.

धागादोरा: बरं, गाव जुळणीतून काढतो. पण अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेची बहुतेक पानं 1921 च्या आगीपायी गेली, त्यामुळे 1880 थेट 1900 ला जोडावं लागतं. मधल्या 20 वर्षांत जाऊन परतलेला दोन्ही पद्धतींत ‘न हललेला’च ठरतो, हेही मान्य करा. आणि हाताने तपासताना मी गाव बघणारच.

मोजणीदार: परतलेल्यांचं मान्य. हाताच्या तपासणीचं नाही. गाव दिसलं की तपासणारा तेच गाव असलेला माणूस बरोबर ठरवतो. रकाना झाकूनच पानं द्या.